रेंज आहे, इंग्रजीही आहे, मग व्हिडिओ मुलाखत का फसते?

गेल्या पावसाळ्यात देवगडजवळच्या एका गावातली मुलगी माझ्याकडे आली. बी.कॉम. झालेली, टॅलीत हात बसलेला, बोलायला मोकळी. मुंबईच्या एका कंपनीने व्हिडिओ कॉलवर तिची मुलाखत घेतली होती आणि दोन दिवसांनी नकार कळवला होता. कारण एका ओळीत होतं: संवादकौशल्य कमी पडतं. तिने मला एकच प्रश्न विचारला, "सर, माझं इंग्रजी एवढं वाईट आहे?"

मी कणकवलीत संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग घेतो. तिला म्हटलं, उद्या त्याच जागी बसून, त्याच फोनवरून मला कॉल कर. दुसऱ्या दिवशी कॉल आला. ती पडवीत बसली होती, कारण रेंज तिथेच येते. वर पत्रा, पत्र्यावर पाऊस. फोन डब्याला टेकवून दोन हात लांब ठेवलेला. ती म्हणाली, "आय फिनिश्ड माय कोर्स अँड वर्क्ड फॉर सिक्स मंथ्स." माझ्यापर्यंत आलं ते असं: "आय ...निश माय को... अँड वर्क ... सिक् मन्." मी प्रश्न विचारला की शांतता. पुन्हा विचारायला तोंड उघडावं तर नेमकं तेव्हाच तिचं उत्तर सुरू व्हायचं, मग दोघंही गप्प. दहा मिनिटांत मी थकून गेलो. तिसऱ्या दिवशी ती वर्गात समोर बसून तीच वाक्यं म्हणाली, तेव्हा एकही शब्द हुकला नाही.

दोन्ही दिवशी इंग्रजी तेच होतं. मधल्या वाटेवर काहीतरी सांडत होतं, आणि जे सांडलं त्याचा दोष तिच्या इंग्रजीवर आला.

पूर्वी आपल्याकडची मुलं मुलाखतीसाठी रात्रीची गाडी धरून मुंबई गाठायची. आता पहिली फेरी बहुतेक ठिकाणी फोनवर किंवा लॅपटॉपवर होते. भाडं वाचलं, जागरण वाचलं, ही मोठीच सोय आहे. पण समोरासमोर बोलणं आणि यंत्रातून बोलणं यांत फरक काय, हे या मुलांना कोणी सांगितलेलं नाही. म्हणून हा लेख.

तुमचं वाक्य मुंबईला पोहोचतं कसं?

फोन तुमचा आवाज सलग पाठवत नाही, तो त्याचे तुकडे करतो. साधारण २० मिलिसेकंदांचा एक तुकडा. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, म्हणजे एका सेकंदात पन्नासएक तुकडे होतात. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेट आपापल्या वाटेने निघतं आणि पलीकडचा फोन ती ओळीत लावून पुन्हा आवाज तयार करतो.

आता बंदरावरची मासळी आठवा. लिलाव सुरू असताना आलेली टोपली विकली जाते. बाजार उठल्यावर आलेली कितीही ताजी असली तरी तिला गिऱ्हाईक नाही. पॅकेटांचं तसंच होतं. फाइल पाठवताना हरवलेला तुकडा पुन्हा मागवता येतो, कारण तिथे दोन मिनिटं उशीर चालतो. बोलण्यात तेवढा वेळ नसतो, म्हणून उशिरा आलेलं पॅकेट सरळ टाकून दिलं जातं. रिकामी जागा यंत्र आजूबाजूच्या आवाजावरून अंदाजाने भरतं. रोबोटासारखा येणारा आवाज हा त्या अंदाजाचा आवाज असतो.

समाधानाची गोष्ट अशी की नुसत्या आवाजाला फार थोडं इंटरनेट लागतं, शंभर केबीपीएससुद्धा (केबीपीएस हे नेटच्या वेगाचं माप) पुरे होतात. नीट चित्राला त्याच्या कितीतरी पट लागतं. त्यामुळे आवाज तुटायला लागला तर विचारायचं, "माय नेटवर्क इज वीक. मे आय टर्न ऑफ माय व्हिडिओ फॉर अ मिनिट?" असं विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता कॅमेरा बंद केला तर मात्र समोरच्याला वाटतं, काहीतरी लपवतोय.

आणि काड्यांवर विसंबू नका. फोनवरच्या काड्या टॉवरचा सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतात. त्या टॉवरवर किती जण लटकलेत, ते सांगत नाहीत. गणपतीत चाकरमानी आले की आपल्या गावात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. काड्या पूर्ण, पण साधा फोटो जात नाही. म्हणून मुलाखतीच्या आदल्या दिवशी, त्याच वेळी, त्याच जागी स्पीड टेस्ट करा आणि अपलोडचा आकडा बघा. आपण दिवसभर व्हिडिओ बघतो म्हणून डाउनलोडच बघायची सवय झालेली असते. मुलाखतीत तुमचा चेहरा आणि आवाज जातो तो अपलोडच्या वाटेने.

आवाज पत्र्याचा, तर माणूसही हलका

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. एकच मजकूर, एकच आवाज. एकदा तो स्वच्छ ऐकवला, एकदा स्वस्तातल्या माइकमधून आल्यासारखा, पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा करून ऐकवला. शब्द दोन्ही वेळा कळत होते. तरीही पत्र्याच्या आवाजातल्या उमेदवाराला नोकरी द्यावी असं ऐकणाऱ्यांना कमी वाटलं. वेगळ्या प्रयोगांत त्या आवाजातला माणूस कमी हुशार आणि कमी विश्वासाचा वाटला. ऐकणारे जाणूनबुजून अन्याय करत नव्हते. कान त्रासला की मन बोलणाऱ्याला दोष देतं.

इंग्रजी शिकणाऱ्याला हा फटका दुप्पट बसतो. ते कसं, हे नीट समजून घ्या, कारण माझ्या मते सगळ्या लेखात हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. मराठीत 'केलं', 'करते', 'करतील' यांत काळ आणि वचन सांगणारा भाग चांगला मोठा, कानाला ठळक असतो. इंग्रजीत तेच काम शब्दाच्या टोकाला लागलेला बारीकसा 'स', 'ट' किंवा 'ड' करतो. 'वर्क' आणि 'वर्क्ड', 'मंथ' आणि 'मंथ्स'. 'स' आणि 'फ' हे आवाज फार बारीक पट्टीत असतात. जुन्या साध्या फोन लाइनीवर सेकंदाला ३,४०० कंपनांच्या वरचं सगळं कापलं जायचं, म्हणून फोनवर 'एस' म्हणालात की 'एफ' असं पुन्हा पुन्हा विचारावं लागायचं. खराब माइक, लांब ठेवलेला फोन आणि पावसाचा आवाज मिळून नेमके हेच बारीक आवाज खातात. यंत्राला ते पावसाच्या खरखरीसारखेच वाटतात, म्हणून आजूबाजूचा आवाज दाबताना ते तुमचा 'स'ही दाबून टाकतं. परिणामी तुम्ही बरोबर बोललेलं व्याकरण वाटेत गळतं आणि पलीकडे चुकीचं इंग्रजी पोहोचतं. त्या मुलीचं 'वर्क्ड' माझ्यापर्यंत 'वर्क' होऊन आलं होतं.

यावर उपाय शंभर-दोनशे रुपयांचा आहे: वायरचा इअरफोन, माइकवाला. तोंडाजवळ माइक आला की तुमचा आवाज मोठा आणि पाऊस लहान होतो. ब्लूटूथचा महागडा इअरफोन याहून चांगला असेल असं वाटतं, पण बऱ्याच जोड्यांत माइक चालू झाला की आवाजाचा दर्जा खाली येतो, कारण त्याच अरुंद वाटेने दोन्हीकडचा आवाज न्यायचा असतो. गाणी ऐकताना हे कळत नाही, कारण तेव्हा माइक बंद असतो. इअरफोनशिवाय बसलात तर अजून एक अडचण येते. मुलाखत घेणाऱ्याचा आवाज तुमच्या स्पीकरमधून निघून तुमच्याच माइकमध्ये शिरतो. तो परत जाऊ नये म्हणून यंत्र तुमचा माइक मधेमधे दाबतं, आणि वाक्याची पहिली दोन अक्षरं गायब होतात.

बसायचं कुठे?

आपली जुनी चिरेबंदी घरं उन्हाळ्यात गार असतात, पण जांभ्याच्या जाड भिंतीतून सिग्नल अडत-अडखळत येतो. म्हणून माजघर नको. पत्र्याची पडवी पावसाळ्यात नको. खिडकीलगतची खोली बघा, आणि त्यातही जिथे गाद्या, गोधड्या, कपड्यांचं कपाट आहे ती. मऊ वस्तू आवाज पितात, घुमू देत नाहीत. नव्या बंगल्यातला फरशीचा रिकामा हॉल दिसायला झकास, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो.

खिडकी तोंडासमोर हवी, पाठीमागे नको. पाठीमागे उजेड असला की कॅमेरा त्या उजेडाला धरून चित्र बेततो आणि तुमचा चेहरा काळवंडतो. फोन डोळ्यांच्या उंचीवर, आडवा. पुस्तकांचा गठ्ठा पुरे. बोलताना कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बघा, ऐकताना पडद्याकडे बघितलं तरी चालतं.

वीज कधीही जाईल असं धरूनच चाला. फायबरचं कनेक्शन असलं तरी घरातल्या राउटरला वीज लागतेच. राउटरपुरती छोटी बॅटरी मिळते. ती नसेल तर दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन चार्ज करून शेजारी ठेवा. फोनवरूनच मुलाखत देत असाल तर आलेला कॉल मधेच माइक घेऊन जातो. घरच्या वायफायवर असाल तर फ्लाइट मोड लावून वायफाय तेवढं चालू ठेवा. मुलाखत घेणाऱ्याचा नंबर किंवा ईमेल कागदावर लिहून ठेवा आणि कॉल तुटला तर पाठवायचा मेसेज आधीच टाइप करून ठेवा: "पॉवर कट हिअर. जॉइनिंग अगेन इन टू मिनिट्स." आगोटीला आपण लाकडं, मीठ, सुकी मासळी भरून ठेवतो, तेवढ्याच काळजीने हे करायचं.

अर्ध्या सेकंदाचा गोंधळ

माणसं समोरासमोर बोलतात तेव्हा एकाचं संपल्यावर दुसरा किती वेळात सुरू करतो? २००९ मध्ये दहा भाषांवर झालेल्या अभ्यासात हे अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघालं. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच. आपण समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच उत्तर जुळवत असतो.

व्हिडिओ कॉलवर ही लय मोडते. आवाज पोहोचायला जो वेळ लागतो त्याला लेटन्सी म्हणतात, आपण त्याला उशीरच म्हणू. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणं सहज वाटतं. खेड्यातल्या मोबाइल नेटवर तो त्याहून बराच वाढू शकतो. समजा ३०० झाला. त्यांचा प्रश्न तुमच्याकडे यायला ३००, तुमचं उत्तर जायला ३००. म्हणजे तुम्ही अगदी लगेच बोललात तरी त्यांना अर्ध्या सेकंदाहून जास्त शांतता ऐकू आली. त्यात तुम्ही मनात मराठीतून इंग्रजीत येताय, त्याला एखादा सेकंद. त्यांना वाटतं, हिला प्रश्न कळला नाही. ते प्रश्न पुन्हा सुरू करतात, तुम्ही उत्तर सुरू करता, आणि टक्कर होते. खाडीच्या पलीकडच्या तरीवाल्याला हाक मारणाऱ्याला हे माहीत असतं. हाक मारून थांबायचं असतं. लगेच दुसरी मारली तर त्याचं उत्तर आपल्याच आवाजात बुडतं.

मी मुलांना सांगतो: एक श्वास, एक शब्द, मग उत्तर. प्रश्न संपल्यावर एक श्वास थांबा, म्हणजे त्यांच्या वाक्याचं शेपूट कापलं जाणार नाही. मग लगेच "शुअर" किंवा "येस, सर" एवढंच म्हणा. ती पोच आहे. पोच मिळाली की समोरचा निवांत होतो आणि तुम्हाला विचाराला दोन सेकंद मिळतात. टक्कर झालीच तर "सॉरी, प्लीज गो अहेड" म्हणून थांबा. आणि उत्तर मिनिटभरात आटपा. समोर बसलेला माणूस खुर्चीत जरा पुढे सरकला की आपण ओळखतो, त्याला काही विचारायचंय. पडद्यावर ते दिसत नाही.

"कळलं नाही" हे सांगायला लाजू नका

त्या मुलीच्या पहिल्या मुलाखतीत काय झालं होतं ते तिने नंतर सांगितलं. प्रश्न तिला असा ऐकू आला: "हॅव यू डन ...सिलिएशन?" शब्दाचं तोंड नेटने खाल्लं होतं. तिला वाटलं, पुन्हा विचारलं तर इंग्रजी येत नाही असं ठरेल. ती "येस, येस" म्हणाली. पुढचा प्रश्न आला, "हाउ डिड यू डू इट?" आणि ती गप्प झाली. शब्द होता रिकन्सिलिएशन, म्हणजे दोन हिशेब समोरासमोर ठेवून जुळवणं. कॉमर्सच्या मुलीला तो माहीत होता. ऐकू आला नव्हता, एवढंच.

पुन्हा विचारणं हे भाषा कच्ची असल्याचं लक्षण आहे, ही समजूत खोटी आहे. २०१५ मध्ये बारा भाषांतल्या घरगुती गप्पांचा अभ्यास झाला. आपल्याच भाषेत, आपल्याच माणसांशी बोलतानाही लोक सरासरी दर १.४ मिनिटाला कुठे ना कुठे "काय?", "कोण म्हणालास?" असं विचारतात. मातृभाषेत दीड मिनिटाला एकदा अडतं, मग परक्या भाषेत, तुटक्या नेटवर अडणार नाही तर काय! त्याच अभ्यासात आणखी एक दिसलं. लोक नुसतं "काय?" म्हणण्यापेक्षा जेवढं कळलं तेवढं सांगून नेमकं राहिलेलं विचारतात. हे कसब उचलण्यासारखं आहे.

न कळण्याचे तीन प्रकार असतात आणि प्रत्येकाला वाक्य वेगळं. ऐकू आलं नाही तर: "सॉरी, आय मिस्ड वन वर्ड. हॅव आय डन व्हॉट?" इथे तुम्ही दाखवून देता की बाकीचा प्रश्न कळलाय, समोरच्याला फक्त एक शब्द परत सांगायचाय. शब्दच नवा असेल तर: "आय डोन्ट नो धिस वर्ड. कुड यू एक्सप्लेन इट?" शब्द कळले पण रोख कळला नाही तर दोन वाटा समोर ठेवा: "डू यू मीन माय कॉलेज प्रोजेक्ट, ऑर माय लास्ट जॉब?" एवढी तीन वाक्यं तोंडात इतकी बसवा की झोपेतून उठवलं तरी म्हणता यावीत. नुसतं "पार्डन?" म्हणालात तर समोरचा अख्खा प्रश्न आणखी लांब करून सांगतो आणि तुम्ही आणखी गोंधळता.

"पण माझा उच्चार मराठी आहे"

असू दे. मुंबई-पुण्यातल्या मुलाखतीत समोर बहुतेक वेळा आपल्यासारखाच भारतीय उच्चाराचा माणूस असतो. जहाजावरच्या किंवा परदेशी हॉटेलातल्या नोकरीसाठी समोर परदेशी माणूस असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. २००४ च्या एका अभ्यासात असं दिसलं की परक्या उच्चारातलं इंग्रजी ऐकताना सुरुवातीला ऐकणाऱ्याचा मेंदू मागे पडतो, पण मिनिटभरातच कान सरावतो. म्हणून ते पहिलं मिनिट तुमच्या हातात आहे. नाव, गाव, शिक्षण ही माहिती आपण पाठ असल्यामुळे सगळ्यात घाईने म्हणतो. तीच सगळ्यात सावकाश म्हणा, समोरच्याचा कान तेवढ्यात जुळतो.

एक सुधारणा मात्र कराच. इंग्रजी शब्दात एका अक्षरावर जोर असतो आणि ऐकणारा त्या जोरावरून शब्द ओळखतो. मराठीत तसा जोर अर्थ बदलत नाही, म्हणून आपलं तिकडे लक्ष जात नाही. आयुष्यभराच्या कामासाठीचा 'करिअर' दुसऱ्या अक्षरावर जोर देऊन म्हणतात. पहिल्या अक्षरावर दिला तर तो 'कॅरिअर' होतो, म्हणजे वाहून नेणारा. 'डिव्हेलप', 'इव्हेंट', 'होटेल' यांत जोर दुसऱ्या अक्षरावर, 'ऑफिस', 'कस्टमर', 'मॅनेज' यांत पहिल्यावर. अख्खी भाषा सुधारायला बसू नका. आपल्या बायोडेटातले पंचवीस शब्द काढा आणि फोनवरच्या डिक्शनरीत प्रत्येकाचा उच्चार ऐकून म्हणा. आकडेही सांभाळा. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' खराब लाइनीवर सारखेच ऐकू येतात, आणि पगाराच्या बोलण्यात हा फरक मोठा आहे. "फिफ्टीन, वन-फाइव्ह" असं म्हणून टाका.

उत्तरं पाठ करून जाऊ का?

पाठ केलेलं उत्तर पहिल्या वाक्यात ओळखू येतं. आवाज सपाट होतो, आणि कागद समोर चिकटवला असेल तर डोळे डावीकडून उजवीकडे धावताना दिसतात. उपप्रश्न आला की सगळं कोसळतं.

त्याऐवजी आपल्या आयुष्यातले पाच प्रसंग तयार ठेवा. प्रत्येकात चार गोष्टी: परिस्थिती काय होती, माझ्यावर काय होतं, मी काय केलं, त्यातून काय झालं. "माझ्याकडे अनुभवच नाही" असं मुलं म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटतं. आंब्याच्या हंगामात सगळं घर राबतं, ते काय असतं? त्या मुलीला मी हेच विचारलं. ती सहज म्हणाली, "पेट्यांचा हिशेब मीच ठेवते." मग हळूहळू बाहेर आलं की एका वर्षी दलालाच्या पट्टीत, म्हणजे त्याच्या बिलात, सहा पेट्या कमी लागल्या होत्या. तिने वही आणि गाडीच्या चिठ्ठ्या तारीखवार जुळवल्या, एका दिवसाची चिठ्ठीच पट्टीत धरली नव्हती हे दाखवलं, आणि दलालाने पैसे दिले.

हेच तर रिकन्सिलिएशन. ज्या शब्दापाशी ती गप्प झाली, ते काम ती वडिलांच्या बागेसाठी करत होती. आम्ही ते छोट्या वाक्यांत बसवलं: "अवर बुक सेड वन हंड्रेड अँड टेन बॉक्सेस. द एजंट्स बिल सेड वन हंड्रेड अँड फोर. आय चेक्ड एव्हरी ट्रक रिसीट. वन रिसीट वॉज मिसिंग इन हिज बिल. ही पेड फॉर सिक्स बॉक्सेस." पाच वाक्यं, एकही अवघड शब्द नाही. पण हे ती पाठ म्हणत नव्हती, आठवून सांगत होती. मी मधेच विचारलं, "हाउ लाँग डिड इट टेक?" तर क्षणात म्हणाली, "वन फुल नाइट, सर."

मग शब्दसंपत्ती, व्याकरण यांचं काहीच महत्त्व नाही का? आहे. कस्टमरशी दिवसभर इंग्रजीत बोलायची नोकरी असेल तर चांगला माइक लावून इंग्रजी येणार नाही, त्याला महिनोन्‌महिने शिकावंच लागतं. पण जेवढं येतं तेवढं पूर्ण पोहोचलं पाहिजे, हा तुमचा हक्क आहे.

समोर माणूसच नसेल तर?

काही कंपन्या लिंक पाठवतात. पडद्यावर प्रश्न येतो, अर्धा-एक मिनिट विचाराला मिळतं, मग उत्तर रेकॉर्ड होतं. याला एकतर्फी मुलाखत म्हणू. मुलं याला जास्त घाबरतात, पण आपल्या भागासाठी ही सोयीची आहे. उशिराचा गोंधळ नाही, आणि पाऊस थांबल्यावर किंवा पहाटे नेट मोकळं असताना बसता येतं. शेवटच्या तारखेची शेवटची रात्र मात्र टाळा.

"मशीन माझा चेहरा वाचून मला नापास करेल का?" असं मला विचारतात. अशा मुलाखतींचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या हायरव्ह्यू या मोठ्या अमेरिकी कंपनीने चेहऱ्याचं विश्लेषण सोडून दिल्याचं जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं. युरोपीय संघात २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी माणसाच्या भावना ओळखणाऱ्या एआयवर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून, बंदी आहे. जिथे यंत्र उत्तर तपासतं तिथे ते सहसा आधी बोलण्याचं लिखाण करतं. म्हणजे गाडी पुन्हा आवाजावरच येते. 'वर्क्ड'चा 'ड' यंत्रालाही ऐकू यायला हवा.

एआयकडून उत्तर घेऊन ते वाचून दाखवण्याचं म्हणाल, तर करू नका. पकडले जाल हे एक कारण, पण त्याआधीचं कारण असं की त्या उत्तरात तुमच्या सहा पेट्या नसतात. सरावासाठी मात्र एआय उत्तम आहे. त्याला मुलाखत घ्यायला सांगा, उपप्रश्न विचारायला सांगा, रोज वीस मिनिटं.

नोकरीच खोटी असेल तर?

हे आपल्या किनाऱ्यावर फार होतं, विशेषतः बोटीवरच्या नोकऱ्यांत. व्हिडिओ मुलाखत अगदी खरी वाटते आणि शेवटी फी मागतात. खलाशाकडून नोकरी लावून देण्याचे पैसे घेणं २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराने मना आहे, आणि जहाजावर भरती करणाऱ्या एजंटकडे भारत सरकारच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. तो आधी तपासा. कुठल्याही मुलाखतीत ओटीपी सांगू नका, कोणतंही ॲप टाकून फोनचा ताबा देऊ नका. फसलात तर लाज न बाळगता तत्काळ १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

घरच्यांनी काय करायचं?

हा प्रश्न पालक विचारत नाहीत, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. अर्धा तास मिक्सर बंद, टीव्ही बंद, पंप बंद. कुत्रा मागच्या बाजूला बांधायचा. घरातल्या बाकीच्या फोनचं वायफाय बंद, कारण भाऊ आतल्या खोलीत व्हिडिओ बघत असेल तर बहिणीचा आवाज तुटतो. आणि "कसं झालं?" हे लगेच विचारायचं नाही.

त्या मुलीची दुसरी मुलाखत सप्टेंबरात झाली. गोधड्यांच्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून, गळ्यात वायरचा इअरफोन. आवाज दोनदा तुटला, दोन्ही वेळा तिने राहिलेला शब्द विचारून घेतला. मी खळ्यात उभा होतो. तिची आजी खोलीच्या दाराबाहेर उंबऱ्यावर बसली होती, हातात काठी. शेजारचा मुलगा हाक मारत आला तसं तिने काठी आडवी धरली आणि हळूच म्हणाली, "गप ऱ्हव रे. भितर मुलाखत चालू आसा."